संमिश्र पदार्थांतील अदृश्य हानी आणि प्रकाशतंतू संवेदक : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

काच किंवा कार्बन यांचे तंतू राळेत बसवून तयार केलेल्या संमिश्र पदार्थांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमाने, पूल व पवनचक्क्या यांच्या बांधणीत धातूची जागा घेण्यास प्रारंभ केला. या पदार्थांतील हानी पुष्कळदा पृष्ठभागावर न दिसता आतल्या आत पसरते, ही त्यांच्या वापरातील मुख्य अडचण होय. ती ओळखण्यासाठी पदार्थाच्या थरांतच प्रकाशतंतू बसवून त्याचा संवेदक म्हणून उपयोग करण्याची कल्पना पुढे आली. प्रस्तुत शोधनिबंधात १९५४ ते २०१५ या काळातील या तंत्राच्या वाटचालीचा आढावा घेण्यात आला आहे. संवेदकाची क्षमता सातत्याने वाढत गेली. तथापि त्याचा स्वीकार केवळ क्षमतेवर अवलंबून राहिला नाही, तर त्याचे म्हणणे ऐकून निर्णय घेणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून राहिला, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : संमिश्र पदार्थ, प्रकाशतंतू, ब्रॅग ग्रेटिंग, थर सुटणे, संरचना-स्वास्थ्य निरीक्षण.

प्रस्तावना

मानवी इतिहासाचे कालखंड पदार्थांच्या नावांनी ओळखण्याची परंपरा आहे. अश्मयुग, ताम्रयुग आणि लोहयुग ही नावे शालेय पाठ्यपुस्तकांतूनही परिचित आहेत. या क्रमात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाला कोणत्या एका पदार्थाचे नाव द्यावे हे सांगणे कठीण आहे. परंतु दोन भिन्न पदार्थ एकत्र आणून तिसरा गुण निर्माण करण्याची वृत्ती हे या काळाचे एक ठळक लक्षण होय. ही कल्पना मुळात नवीन नाही. मातीत गवताचा भुसा कालवून भिंत उभारणाऱ्याला तिचे मर्म ठाऊक होते. माती दाब सहन करते, भुसा तिला भेगाळू देत नाही. आधुनिक संमिश्र पदार्थांत मातीच्या जागी राळ आणि भुशाच्या जागी काचेचे वा कार्बनचे तंतू आले.

मात्र भिंतीला तडा गेला तर तो डोळ्यांना दिसतो. कार्बन तंतूंच्या पंखाला आतून तडा गेला तर तो दिसेलच असे नाही. या एका फरकातून एका स्वतंत्र संशोधनक्षेत्राचा जन्म झाला. त्यामागील प्रश्न किती गंभीर होता हे एका दुर्घटनेवरून स्पष्ट होते. अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे अवकाशयान १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण करीत असता सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढील कडेवर आदळला. ही कड कार्बन तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनच्या, म्हणजे एका संमिश्र पदार्थाच्या, पट्टिकांची बनलेली होती. आघात झाला हे छायाचित्रणावरून दुसऱ्याच दिवशी समजले होते. पट्टिकेचे काय झाले हे मात्र पुढील दोन आठवड्यांत जमिनीवरील कोणालाही निश्चितपणे सांगता आले नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या प्रवासात यान विदीर्ण झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

‘आघात झाला, पण आत काय झाले?’ हा प्रश्न कोलंबियाच्या आधी तीन दशके संशोधकांना भेडसावत होता. पदार्थालाच त्याचे उत्तर देण्यास शिकवावे, या प्रयत्नाचा इतिहास येथे मांडला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) संमिश्र पदार्थांतील हानीचे वेगळेपण स्पष्ट करणे.
२) अंतःस्थापित प्रकाशतंतू संवेदकांच्या विकासाचे टप्पे कालक्रमाने मांडणे.
३) या तंत्राच्या प्रत्यक्ष वापरातील अडचणींची चिकित्सा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध शोधनिबंध, ग्रंथ व चौकशी अहवाल या साधनांचा आधार घेतला आहे. गणिती तपशील विषय समजण्यापुरताच दिला आहे.

१. संमिश्र पदार्थ : सामर्थ्य आणि मर्मस्थान

कार्बन तंतूंचा आधुनिक इतिहास १९६० च्या दशकात सुरू होतो. जपानमधील ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी १९६१ च्या सुमारास पॉलिॲक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू तयार करण्याची दिशा दाखविली. त्यानंतर इंग्लंडमधील फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये वॅट, फिलिप्स व जॉन्सन यांनी १९६४ च्या सुमारास उच्च सामर्थ्याचे तंतू निर्माण करण्याची प्रक्रिया सिद्ध केली. वजनाला हलका आणि तंतूंच्या दिशेने अतिशय ताठ असा हा पदार्थ विमानशास्त्राला वरदान वाटला.

परंतु वरदानाची दुसरी बाजू लवकरच उघड झाली. रोल्स-रॉइस कंपनीने आपल्या आरबी-२११ या जेट इंजिनासाठी ‘हायफिल’ नावाच्या कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाची पाती बनविली होती. मे १९७० मध्ये पक्ष्याच्या धडकेची चाचणी घेण्यात आली, तेव्हा ही पाती टिकली नाहीत आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावे लागले. या इंजिनाच्या विकासावरील खर्चाच्या ओझ्याखाली फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. या अपयशास अन्य कारणेही होती. तथापि तंतूंच्या दिशेने अजिंक्य वाटणारा पदार्थ आडव्या आघाताने कोलमडू शकतो, हा धडा अभियंत्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला.

याचे कारण पदार्थाच्या रचनेत आहे. विमानाचा एखादा भाग बनविताना राळेत भिजविलेल्या तंतूंचे पातळ थर निरनिराळ्या दिशांनी एकावर एक रचले जातात आणि ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत उष्णता व दाब देऊन एकजीव केले जातात. एका थराची जाडी साधारणपणे ०.१२५ मिलिमीटर असते. थराच्या पातळीत बळ तंतूंचे असते. दोन थरांच्या दरम्यान मात्र केवळ राळेचे बळ असते. हातातून निसटलेले अवजार, धावपट्टीवरून उडालेला खडा किंवा गारांचा मारा यांसारख्या आघाताने वरच्या थरावर जेमतेम दिसणारा पोचा पडतो. आत मात्र राळेला तडे जातात, थर एकमेकांपासून सुटतात आणि ही हानी खालच्या थरांकडे शंकूसारखी रुंदावत जाते. अशा भागाची दाब सहन करण्याची शक्ती लक्षणीय घटते. धातूवरील पोचा आघाताची साक्ष देतो. संमिश्र पदार्थ तीच साक्ष आत दडवून ठेवतो.

यावर प्रचलित उपाय म्हणजे ठरावीक कालावधीने तपासणी करणे. अनुभवी तंत्रज्ञ पृष्ठभाग डोळ्यांनी पाहतो, नाण्याने वा लहान हातोडीने टकटक करून आवाजातील फरक ऐकतो, तसेच श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने आतील थर तपासतो. ही पद्धत विश्वसनीय आहे. परंतु तिच्यासाठी विमान जमिनीवर थांबवावे लागते आणि दोन तपासण्यांच्या मधल्या काळात पदार्थ मूक असतो.

२. प्रकाशतंतूची पूर्वपीठिका

पदार्थाला वाचा देणारे साधन दुसऱ्याच क्षेत्रात आकार घेत होते. मूळचे पंजाबमधील मोगा येथील नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याचा प्रयोग केला. तो १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ‘फायबर ऑप्टिक्स’ या संज्ञेच्या प्रसाराशी कपानी यांचे नाव निगडित आहे. १९६६ मध्ये चार्ल्स काव व जॉर्ज हॉकहॅम यांनी काच पुरेशी शुद्ध केल्यास प्रकाशतंतू दूरसंचाराचे माध्यम होऊ शकेल, असे प्रतिपादन केले. त्यासाठी एका किलोमीटरला २० डेसिबल इतपत क्षय ही मर्यादा त्यांनी सुचविली होती. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीतील मॉरर, केक व शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडणारा तंतू तयार केला. काव यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाशतंतूत अधिक अपवर्तनांकाचा गाभा आणि त्याभोवती कमी अपवर्तनांकाचे आवरण असते. पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश गाभ्यातच राहतो. दूरसंचार अभियंत्याच्या दृष्टीने तंतू वाकणे, ताणला जाणे किंवा तापणे हे दोष होते, कारण त्यामुळे प्रकाशसंदेशात बदल होतो. काही संशोधकांनी हा दोषच गुण मानला. तंतूत होणारा बदल मोजता आला, तर तंतू ज्याला चिकटला आहे त्या वस्तूवर काय गुजरले हेही कळेल. १९७८ मध्ये बटर व हॉकर यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारित तंतू-विकृतीमापकाचे वर्णन ‘अप्लाइड ऑप्टिक्स’मध्ये केले. विकृती म्हणजे लांबीतील प्रमाणशीर बदल होय.

संमिश्र पदार्थ आणि प्रकाशतंतू यांच्यात एक नैसर्गिक नाते होते. दोन्ही तंतुमयच होते. काचेचा तंतू विजेचा वाहक नसल्याने त्यास विद्युतचुंबकीय व्यत्ययाची बाधा होत नव्हती आणि तो गंजतही नव्हता. थर रचतानाच एखादा तंतू मध्ये ठेवला, तर तो पदार्थासोबतच भट्टीतून निघून त्याचा घटक होईल, ही कल्पना त्यामुळे सहज सुचण्यासारखी होती. प्रत्यक्षात ती साकारण्यास मात्र बराच काळ लागला.

३. पहिला टप्पा : तुटून साक्ष देणारा तंतू

१९८० च्या दशकातील पहिले प्रयत्न तत्त्वतः अगदी साधे होते. पदार्थात प्रकाशतंतूंची जाळी पसरावी आणि एका टोकाकडून प्रकाश सोडावा. आघाताने ज्या ठिकाणी हानी होईल तेथील तंतू तुटतील आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश पोहोचणार नाही. उभे व आडवे तुटलेले तंतू पाहून हानीचे स्थान निश्चित करता येईल.

या दिशेने टोरोंटो विद्यापीठाच्या एरोस्पेस अध्ययन संस्थेतील रेमंड मेझर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी डॅश-८ या प्रवासी विमानाच्या पंखाच्या पुढील कडेचा अरॅमिड तंतूंचा भाग प्रकाशतंतू आत बसवून तयार केला आणि त्यासंबंधीचे संशोधन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. अरॅमिड संमिश्र काहीसा पारभासी असल्यामुळे तंतू तुटलेल्या जागी झिरपणारा प्रकाश बाहेरूनही दिसू शकत असे. कार्बन संमिश्र अपारदर्शक असल्याने तेथे ही सोय नव्हती.

येथे एक मार्मिक अडचण उद्भवली. सामान्य प्रकाशतंतू पुरेसा मजबूत असल्याने पदार्थात हानी होऊनही तो शाबूत राहू शकत असे. त्यामुळे संशोधकांनी रासायनिक प्रक्रियेने तंतू झिजवून त्याचे बळ हेतुपुरस्सर कमी केले, जेणेकरून धोकादायक ठरणाऱ्या आघातालाच तो तुटावा. तंतू किती अशक्त असावा, कोणत्या थरात असावा आणि शेजारच्या तंतूंशी कोणता कोन करून असावा, यांवर साक्षीची विश्वसनीयता अवलंबून होती.

या पद्धतीची मर्यादाही उघड होती. तुटलेला तंतू एकदाच बोलतो, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलतो. हानी होण्यापूर्वी पदार्थावर किती भार आला, हानी किती वाढली, पुढे ती वाढेल काय, या प्रश्नांवर तो मौन पाळतो. शिवाय दुरुस्तीनंतर तुटलेला तंतू पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य असते. साक्षीदाराने साक्ष देताना प्राण सोडावेत अशी ही व्यवस्था होती. न तुटता सतत मोजमाप देणाऱ्या तंतूची गरज यातून निर्माण झाली.

४. दुसरा टप्पा : ब्रॅग ग्रेटिंगचा उदय

या गरजेची पूर्तता करणारा शोध वेगळ्याच हेतूने चाललेल्या प्रयोगातून लागला होता. कॅनडातील ओटावा येथील कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये केनेथ हिल व त्यांचे सहकारी जर्मेनियमयुक्त प्रकाशतंतूत अरगॉन लेसरचा तीव्र प्रकाश सोडत असता, तंतूतून परावर्तित होणारा प्रकाश काळानुसार वाढत जातो असे त्यांच्या निदर्शनास आले. तंतूत निर्माण झालेल्या स्थिर तरंगाने गाभ्याच्या अपवर्तनांकात कायमस्वरूपी नियमित चढउतार कोरले होते. हे निरीक्षण १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि अशा रीतीने कोरलेली ग्रेटिंग लेखनासाठी वापरलेल्या तरंगलांबीच्या आसपासच उपयोगी पडत असल्यामुळे जवळपास एक दशक तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

१९८९ मध्ये हे चित्र पालटले. अमेरिकेतील युनायटेड टेक्नॉलॉजीज रिसर्च सेंटरमधील मेल्ट्झ, मोरी व ग्लेन यांनी अतिनील किरणांच्या दोन शलाका तंतूवर बाजूने पाडून त्यांच्या व्यतिकरणाने हवी ती ग्रेटिंग कोरण्याची पद्धत दाखविली. ही संस्था ज्या उद्योगसमूहाची होती, तो विमान-इंजिने व हेलिकॉप्टर बनविणारा समूह होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे १९९३ मध्ये फेज मास्क या साच्याचा वापर सुरू झाला आणि ग्रेटिंगचे उत्पादन सुलभ झाले.

या ग्रेटिंगला ब्रॅग यांचे नाव मिळण्याचे कारण तिचे तत्त्व क्ष-किरणांच्या स्फटिकातील परावर्तनासारखेच आहे. या कार्यासाठी ब्रॅग पितापुत्रांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. गाभ्यातील चढउतारांमधील अंतर आणि गाभ्याचा अपवर्तनांक यांच्या गुणाकाराची दुप्पट जितकी, तितक्याच तरंगलांबीचा प्रकाश ग्रेटिंग परत पाठविते. बाकीचा पुढे जाऊ देते. सुमारे ५३५ नॅनोमीटर अंतराची ग्रेटिंग १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश परावर्तित करते. पदार्थ ताणला गेला की हे अंतर वाढते आणि परत येणारी तरंगलांबी सरकते. दशलक्षांश एक भाग इतक्या विकृतीला हे सरकणे सुमारे १.२ पिकोमीटर असते.

या शोधाचे महत्त्व दुहेरी होते. पहिले म्हणजे, माहिती प्रकाशाच्या तीव्रतेत नसून तरंगलांबीत होती. जोडणीत प्रकाश कमी झाला तरी मोजमाप बिघडत नव्हते. दुसरे म्हणजे, निरनिराळ्या तरंगलांबींच्या अनेक ग्रेटिंग एकाच तंतूवर कोरता येत असल्याने केसाएवढा एक तंतू अनेक ठिकाणची वार्ता देऊ लागला. पहिल्या टप्प्यातील तंतू केवळ ‘हो’ वा ‘नाही’ म्हणत होता. आता तो आकड्यांत बोलू लागला.

५. परकेपणाची समस्या

तंतूची भाषा समृद्ध झाली, तरी पदार्थाच्या दृष्टीने तो आगंतुकच होता. कार्बनच्या एका तंतूचा व्यास साधारणतः ५ ते ७ मायक्रॉन असतो. दूरसंचाराच्या प्रकाशतंतूचा व्यास १२५ मायक्रॉन असून संरक्षक लेपासह तो २५० मायक्रॉन होतो. म्हणजेच तो संमिश्र पदार्थाच्या दोन थरांएवढा जाड असतो. असा तंतू शेजारच्या कार्बन तंतूंना समांतर ठेवला तर तो त्यांच्यात बऱ्यापैकी सामावतो. आडवा ठेवला तर मात्र वरचे व खालचे थर त्याच्यावरून वळसा घेतात आणि दोन्ही बाजूंस डोळ्याच्या आकाराची, निव्वळ राळेने भरलेली पोकळी राहते. दुबळेपणा शोधण्यासाठी आणलेले साधन स्वतःच दुबळेपणाचे स्थान ठरण्याचा धोका त्यामुळे निर्माण झाला.

या प्रश्नावर जपानमध्ये लक्षणीय काम झाले. टोकिओ विद्यापीठातील नोबुओ ताकेदा यांच्या गटाने हिताची केबल कंपनीच्या सहकार्याने लेपासह अवघ्या ५२ मायक्रॉन व्यासाचा तंतू उपयोगात आणला. तो एका थराच्या जाडीत सहज मावत असे. २००० मध्ये ओकाबे, याशिरो, कोसाका व ताकेदा यांनी अशा संवेदकांच्या साहाय्याने कार्बन संमिश्रातील आडवे तडे ओळखता येतात, असे दाखवून दिले. पदार्थ निर्दोष असताना ग्रेटिंगच्या संपूर्ण लांबीवर विकृती समान असते आणि परावर्तित प्रकाशाचा एकच अरुंद शिखरबिंदू दिसतो. शेजारी तडे पडू लागले की विकृती जागोजागी बदलते, शिखर रुंदावते आणि दुभंगते. शिखर कोठे सरकले यापेक्षा त्याचा आकार कसा बिघडला, ही गोष्ट हानीची निशाणी ठरली.

कारखान्यातील अडचणी वेगळ्याच होत्या. भट्टीत तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास जात असल्याने सामान्य ॲक्रिलेट लेपाऐवजी उष्णता सोसणारा पॉलिइमाइडचा लेप द्यावा लागला. भट्टीतून निघालेल्या भागाच्या कडा कापून नीट कराव्या लागतात आणि त्याच कडांतून तंतू बाहेर येत असल्यास तो कापला जातो. तंतूचे पदार्थात जाणे आणि त्यातून बाहेर येणे, ही वरकरणी किरकोळ वाटणारी बाब प्रत्यक्षात दीर्घकाळ मोठी डोकेदुखी राहिली. तापमानाचाही प्रश्न होता. एक अंश सेल्सिअसच्या बदलाने तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटर सरकते. त्यामुळे संवेदक ताणामुळे बोलत आहे की उन्हामुळे, हे ठरविण्यासाठी तापमानाचे स्वतंत्र मोजमाप आवश्यक ठरले.

६. तिसरा टप्पा : संपूर्ण तंतूच संवेदक

ग्रेटिंग कितीही बसविल्या तरी दोन ग्रेटिंगच्या मधल्या जागेवर नजर राहत नाही. थर सुटण्याची हानी स्थानिक असते. संवेदकापासून काही सेंटिमीटर दूर ती घडली तरी त्याला तिचा थांगपत्ता लागेलच असे नाही. या अडचणीचे उत्तर काचेच्या स्वाभाविक गुणधर्मात सापडले. तंतूतून जाणारा प्रकाश प्रत्येक बिंदूवर अल्प प्रमाणात विखुरतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकाता येथे शोधलेल्या परिणामाचा उपयोग तंतूच्या लांबीवरील तापमान मोजण्यासाठी १९८० च्या दशकात होऊ लागला. त्याच दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ब्रिलुआँ विकिरणावर आधारित पद्धत विकसित झाली. ती कित्येक किलोमीटर लांबीच्या संरचनांना उपयुक्त होती. विमानाच्या भागासाठी तिचे मोजमाप फार ढोबळ होते.

१९९८ मध्ये नासाच्या लँगली केंद्रातील फ्रॉगट व मूर यांनी रॅले विकिरणाचा वेगळा उपयोग दाखविला. प्रत्येक तंतूत काचेच्या सूक्ष्म अनियमिततेमुळे विखुरलेल्या प्रकाशाचा एक खास आकृतिबंध असतो. माणसाच्या हस्ताक्षराप्रमाणे तो त्या तंतूचाच असतो. तंतू ताणला गेला की त्या ठिकाणचे हस्ताक्षर प्रमाणशीर बदलते. मूळ हस्ताक्षराशी तुलना करून तंतूच्या लांबीवरील विकृतीचा सलग आलेख मिळू लागला. यात ग्रेटिंग कोरण्याचीही गरज उरली नाही.

७. प्रयोगशाळेबाहेर

या तंत्राचा प्रत्यक्ष उपयोग विमानापेक्षा स्थापत्य अभियांत्रिकीत तुलनेने सहज झाला. १९९३ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथील बेडिंग्टन ट्रेल पुलात पोलादाबरोबरच कार्बन संमिश्राच्या पूर्वताणित केबल वापरण्यात आल्या आणि त्यांवर लक्ष ठेवण्यासाठी ब्रॅग ग्रेटिंग संवेदक बसविण्यात आले. यात मेझर्स यांच्या गटाचा सहभाग होता. पुलाला उड्डाण करायचे नसते, वजनाची काटकसर नसते आणि मोजमापाची यंत्रणा शेजारी ठेवता येते. नव्या पदार्थाबद्दल अभियंत्यांच्या मनात असलेली शंका संवेदक बसविण्यास अनुकूल ठरली.

विमानक्षेत्रात मानवरहित विमानांनी वाट मोकळी केली. नासाचे ‘हेलिओस’ हे अतिशय लांब व लवचीक पंखांचे विमान २६ जून २००३ रोजी हवाईजवळ आकाशात मोडले. पंखांचा आकार उड्डाणातच मोजण्याची निकड या घटनेने अधोरेखित केली. २००८ मध्ये नासाच्या ‘इखाना’ या मानवरहित विमानाच्या पंखांवर केसासारखे सहा तंतू चिकटवून दोन हजारांहून अधिक ठिकाणची विकृती उड्डाणकाळात मोजण्यात आली. हे तंतू थरांच्या आत नसून पृष्ठभागावर होते.

भारताचा सहभागही नोंद घेण्याजोगा आहे. ‘तेजस’ या लढाऊ विमानाच्या निमित्ताने बंगळुरू येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत संमिश्र पदार्थांचे तंत्र रुजले होते. ‘निशांत’ हे भारतीय मानवरहित विमान रुळावरून सोडले जात असे आणि हवाई छत्रीच्या साहाय्याने जमिनीवर उतरविले जात असे. म्हणजेच प्रत्येक उतरणे हा त्याच्या सांगाड्यावरील एक आघातच होता. त्याच्या शेपटीच्या संमिश्र दांड्यांत ब्रॅग ग्रेटिंग संवेदक बसवून भारतीय व इस्रायली संशोधकांनी संयुक्तपणे उड्डाण-चाचण्या केल्या. त्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सामान्य लेखनात क्वचितच उल्लेख होणारे हे काम आघात आणि अदृश्य हानी यांच्या प्रश्नाला थेट भिडणारे होते.

८. स्वीकाराचा प्रश्न

याच काळात प्रवासी विमानांत संमिश्र पदार्थांचा वापर झपाट्याने वाढला. वजनाच्या सुमारे ५० टक्के संमिश्र पदार्थ असलेले बोइंग ७८७ हे विमान २०११ मध्ये, तर ५३ टक्के प्रमाण असलेले एअरबस ए-३५० हे २०१५ मध्ये प्रवासी सेवेत आले. ज्या पदार्थासाठी संवेदक तयार झाले तो पदार्थ अशा रीतीने सर्वत्र पोहोचला. तरीही या विमानांची सुरक्षितता मुख्यतः अंतःस्थापित प्रकाशतंतूंवर सोपविण्यात आली नाही. तिचा आधार निराळ्या तत्त्वावर राहिला. जेमतेम दिसणारी हानी आहे असे गृहीत धरूनच भागाचे आकारमान ठरवावे आणि तशी हानी असतानाही त्याने पूर्ण संकल्पित भार सोसावा, असे ते तत्त्व होय. अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने २००९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक परिपत्रकात हानीचे पाच वर्ग पाडून प्रत्येकासाठी अपेक्षा स्पष्ट केल्या आहेत.

यामागे तंत्रज्ञानविरोधी वृत्ती आहे असे म्हणता येणार नाही. विमान तीन दशके सेवेत राहू शकते. संवेदकही तितकाच काळ टिकेल याची शाश्वती हवी. संवेदकाने हानी कळविली नाही, याचा अर्थ हानी नाही असा घ्यावा की संवेदक बिघडला असा? त्याने खोटा इशारा दिला तर विमान थांबविण्याचा निर्णय कोणी घ्यावा? थरांत पुरलेला संवेदक बदलता येत नाही, ही त्यातील सर्वांत बिकट बाब होय. संरचना-स्वास्थ्य निरीक्षणाच्या अंमलबजावणीसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे एसएई या अभियांत्रिकी संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या प्रयोगांनंतर सुमारे पाव शतकाने ती आली, यावरूनच हा प्रश्न केवळ भौतिकशास्त्राचा नव्हता हे ध्यानात येते.

या संदर्भात कोलंबियाच्या दुर्घटनेकडे पुन्हा वळणे उचित ठरेल. ताफ्यातील पहिले कक्षायान असल्यामुळे कोलंबियात प्रायोगिक मोजमापासाठी शेकडो संवेदक बसविलेले होते. ते प्रकाशतंतूंचे नव्हते. त्यांची नोंद यानातील फीत-यंत्रात होत असे. ती जमिनीवर प्रक्षेपित होत नसे. हे यंत्र १९ मार्च २००३ रोजी टेक्सासमधील हेम्पहिलजवळ सुस्थितीत सापडले. डाव्या पंखाच्या नवव्या पट्टिकेमागील विकृतीमापकाने, जमिनीवरील नियंत्रण कक्षाला पहिले अनिष्ट चिन्ह दिसण्याच्या आधीच, असाधारण बदल नोंदविला होता, असे तिच्यावरून निष्पन्न झाले. कक्षेत असताना पंखाची छायाचित्रे मिळविण्याची अभियंत्यांची मागणीही निर्णयाच्या पातळीवर तडीस गेली नव्हती, हे चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात नमूद केले. संवेदक होता आणि त्याने सांगितलेही. ते वेळेवर ऐकण्याची व्यवस्था नव्हती. २००५ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक पंखाच्या कडेमागे ६६ त्वरणमापक बसवून त्यांची माहिती उड्डाणकाळातच तपासण्याची तजवीज करण्यात आली.

निष्कर्ष

१) अंतःस्थापित प्रकाशतंतू संवेदकांचा उगम प्रकाशशास्त्रातील प्रगतीइतकाच संमिश्र पदार्थांच्या हानीच्या अदृश्यतेत आहे. आघाताची भीती ही या संशोधनामागील प्रेरणा होती.

२) या तंत्राची वाटचाल तीन टप्प्यांत झाली. प्रथम तंतू तुटून साक्ष देत होता, नंतर ग्रेटिंगच्या साहाय्याने बिंदूगणिक मोजमाप देऊ लागला आणि पुढे त्याची संपूर्ण लांबीच संवेदक बनली.

३) प्रत्येक टप्प्यावर संवेदकाचे पदार्थातील परकेपण कमी करणे आवश्यक ठरले. तंतूचा व्यास, लेप, दिशा व जोडणी यांवरील काम प्रकाशशास्त्रीय शोधांइतकेच निर्णायक होते.

४) पूल व मानवरहित विमाने यांत हे तंत्र तुलनेने लवकर स्वीकारले गेले. प्रवासी विमानांत मात्र हानी गृहीत धरून बांधणी करण्याच्या तत्त्वालाच प्राधान्य मिळाले.

५) संवेदकाची सूक्ष्मता आणि त्याच्या वार्तेवरील विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रयोगशाळेत सिद्ध होते, दुसरी संस्था, नियम व जबाबदारीच्या साखळीतून घडते.

संमिश्र पदार्थाला वाचा देण्याचे कार्य बव्हंशी सिद्धीस गेले आहे. त्याचे बोलणे कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने ऐकावे, हे ठरविण्याचे कार्य अपूर्ण आहे. म्हणूनच या विषयाच्या पुढील अभ्यासात अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ यांच्याबरोबर इतिहास, प्रशासन व विधी या शाखांच्या अभ्यासकांनीही सहभागी होणे आवश्यक आहे.